न जळणारा दिवा जातो कसा?

घरातला बल्ब गेला की तो होल्डरमधून काढायचा, कानाशी नेऊन हलवायचा आणि आत तुटलेल्या तारेची किणकिण ऐकू आली की निदान पक्के करायचे, ही रीत आपल्याकडे दोन-तीन पिढ्या चालत आली. एलईडी बल्बने ती मोडीत काढली. हा बल्ब हलवला तर काही वाजत नाही, त्याची काच काळी पडत नाही आणि तो गेला तर का गेला, हेही कळत नाही. त्याच्या खोक्यावर मात्र ‘आयुष्य २५,००० तास’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. रोज पाच तास दिवा लावला तर हा हिशेब साडेतेरा वर्षांवर जातो. प्रत्यक्षात सोसायटीच्या जिन्यातला किंवा न्हाणीघरातला दिवा कधी कधी वर्ष-दीड वर्षातच मान टाकतो. मग ग्राहकाची समजूत होते की, एक तर शास्त्रज्ञ खोटे बोलत आहेत किंवा दुकानदार.

वस्तुस्थिती जरा वेगळी आहे. एलईडी बल्ब म्हणजे एक वस्तू नसून एका टोपणाखाली नांदणाऱ्या दोन वस्तू आहेत. एक, प्रत्यक्ष प्रकाश देणारी. ती खरोखरच दीर्घायुषी आहे. दुसरी, तिला वीज पुरवणारी. ती तशी नाही. खोक्यावरचा आकडा मुख्यत्वे पहिलीच्या भरवशावर छापला जातो आणि दिवा बहुधा दुसरीमुळे जातो. हे नीट समजून घ्यायचे, तर मुळात या दिव्यात उजेड पडतो कसा, येथून सुरुवात केली पाहिजे.

जळून उजेड, न जळता उजेड

माणसाने लाखो वर्षे एकाच रीतीने प्रकाश मिळवला: काहीतरी तापवून. चूल, पणती, मेणबत्ती, कंदील या साऱ्यांत तापलेले काजळीचे कण उजळतात. विजेच्या जुन्या बल्बनेही ही परंपरा मोडली नाही. त्यात टंगस्टनची बारीक तार सुमारे २,४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि तापल्यामुळे उजळते. पण एवढ्या तापमानाला बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा फार मोठा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा, म्हणजे उष्णतेचा असतो. दृश्य प्रकाश जेमतेम पाच टक्के. थोडक्यात, तो बल्ब ही एक शेगडीच होती आणि उजेड हे तिचे जोडउत्पादन.

ट्यूबलाइट आणि सीएफएल यांनी वेगळी वाट धरली. त्यांत पाऱ्याच्या वाफेतून वीज जाते, तिच्यातून अतिनील किरण निघतात आणि नळीच्या आतल्या बाजूला लावलेले पांढरे लेपन त्या किरणांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करते. एलईडी या दोन्हींहून निराळा आहे. त्यात तार नाही, वायू नाही, पारा नाही. मोहरीएवढा किंवा त्याहूनही लहान असा घन स्फटिक, एवढेच त्याचे भांडवल.

इलेक्ट्रॉनची उडी

एलईडी हे प्रकाशोत्सर्जक डायोडचे इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेले नाव. डायोड म्हणजे अर्धवाहक पदार्थांचा असा जोड की, ज्यातून वीज एकाच दिशेने वाहते. अर्धवाहकात नेमके काय घडते, हे समजण्यासाठी एका दुमजली इमारतीची कल्पना करू. तिचा खालचा मजला इलेक्ट्रॉनांनी खच्चून भरलेला आहे, वरचा जवळजवळ रिकामा आहे आणि मधे जिना नाही. दोन मजल्यांच्या मधल्या जागेत कोणालाही थांबता येत नाही. ही मधली उंची म्हणजे त्या पदार्थाचे ऊर्जा-अंतर.

आता या पदार्थात अगदी अल्प प्रमाणात दुसरे मूलद्रव्य मिसळले, तर दोन प्रकार संभवतात. एका मिश्रणाने वरच्या मजल्यावर काही जादा इलेक्ट्रॉन येतात. याला ‘एन’ प्रकार म्हणतात. दुसऱ्या मिश्रणाने खालच्या मजल्यावर काही जागा रिकाम्या होतात. हा ‘पी’ प्रकार. हे दोन थर एकमेकांना चिकटवून त्यांतून योग्य दिशेने वीज सोडली की, वरच्या मजल्यावरचे इलेक्ट्रॉन आणि खालच्या मजल्यावरच्या रिकाम्या जागा दोन्ही बाजूंनी सांध्याकडे ढकलल्या जातात. तेथे वरच्या इलेक्ट्रॉनला खाली मोकळी जागा दिसते आणि तो तीत उडी घेतो. या उडीत त्याच्याजवळची जी ऊर्जा सुटते, तीच प्रकाशाचा एक कण होऊन बाहेर पडते. तापवणे नाही, जळणे नाही, केवळ उडी.

उडी जेवढी उंच, तेवढी कणाची ऊर्जा अधिक. आणि कणाची ऊर्जा म्हणजेच प्रकाशाचा रंग. लाल प्रकाशाला सुमारे १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टची उडी पुरते, निळ्याला सुमारे २.७ ची लागते. म्हणून एलईडीचा रंग त्यावरच्या काचेने वा प्लॅस्टिकने ठरत नाही, तो आतल्या स्फटिकाच्या घडणीने ठरतो.

सगळेच अर्धवाहक मात्र प्रकाश देत नाहीत. संगणकाच्या चिपमधले सिलिकॉन याचे ठळक उदाहरण. त्यातला इलेक्ट्रॉन खाली येताना आपली ऊर्जा बहुतेक वेळा स्फटिकाच्या कंपनांत, म्हणजे उष्णतेत गमावतो. गॅलियमच्या काही संयुगांत ही अडचण नसते, आणि म्हणून एलईडीचा सारा इतिहास हा गॅलियमच्या संयुगांचा इतिहास आहे. घरात याचा एक प्रयोग करता येतो. टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला असलेला दिवा हाही गॅलियम आर्सेनाइडच्या कुळातला एलईडीच आहे. त्याची उडी ठेंगणी असल्याने त्यातून अवरक्त किरण निघतात आणि आपल्याला काही दिसत नाही. तेच टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले, तर पडद्यावर तो दिवा लुकलुकताना बहुधा दिसतो.

निळ्या रंगाची तीस वर्षे

स्फटिकातून वीज सोडली असता उजेड पडतो, हे प्रथम नोंदवले ते ब्रिटिश अभियंता हेन्री राउंड याने, १९०७ मध्ये. सिलिकॉन कार्बाइडच्या तुकड्यातून त्याला पिवळसर प्रकाश दिसला. पुढे १९२० च्या दशकात रशियातील ओलेग लोसेव याने या प्रकाशाचा चिकाटीने अभ्यास केला आणि हा प्रकाश तापण्यामुळे पडत नाही, हे ओळखले. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने त्याचा अंत झाला आणि त्याचे काम बराच काळ विस्मरणात गेले. १९६२ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत निक होलोनिअॅक याने गॅलियम, आर्सेनिक आणि फॉस्फरस यांच्या संयुगातून लाल प्रकाश देणारा एलईडी तयार केला. त्यानंतर गणकयंत्रांचे लाल आकडे, रेडिओवरचे लाल-हिरवे ठिपके सर्वत्र दिसू लागले. परंतु घर उजळायचे तर पांढरा प्रकाश हवा आणि पांढऱ्यासाठी निळा हवा. हा निळा तीस वर्षे हुलकावणी देत राहिला.

निळ्यासाठी लागणारी उंच उडी गॅलियम नायट्राइड या संयुगात मिळते, हे ठाऊक होते. अडचणी दोन होत्या. एक म्हणजे त्याचा निर्दोष स्फटिक वाढत नव्हता. दुसरी म्हणजे त्याचा ‘पी’ प्रकारचा थर कोणालाच साधत नव्हता. अनेक मोठ्या कंपन्यांनी या पदार्थाचा नाद सोडला. जपानमधील नागोया विद्यापीठात इसामु अकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी आमानो यांनी तो सोडला नाही. १९८६ मध्ये त्यांनी सफायरच्या तबकडीवर आधी ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर देऊन त्यावर उत्तम स्फटिक वाढवला आणि १९८९ मध्ये इलेक्ट्रॉनांच्या झोताचा मारा करून ‘पी’ प्रकारचा थरही मिळवला.

त्याच सुमारास शिकोकु बेटावरच्या निचिया या तुलनेने लहान रसायन कंपनीत शुजी नाकामुरा हे अभियंते याच पदार्थामागे लागले होते. ‘पी’ थरातल्या मॅग्नेशियमला हायड्रोजन जखडून ठेवतो आणि साध्या तापवण्याने तो निघून जातो, हे त्यांनी दाखवले. त्यामुळे कारखान्यात परवडेल अशी पद्धत हाती आली. १९९३ च्या अखेरीस निचियाने झळझळीत निळा एलईडी जाहीर केला. या शोधाबद्दल कंपनीकडून आपल्याला अवघे २० हजार येन मिळाले, असे नाकामुरा यांचे म्हणणे होते. पुढे ते अमेरिकेत प्राध्यापक झाले, त्यांनी कंपनीवर दावा लावला. २००४ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने त्यांना २,००० कोटी येन देण्याचा निकाल दिला. २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर तडजोड झाली. अकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

पांढरा रंग कोठून येतो?

एलईडी स्फटिक पांढरा प्रकाश देत नाही. उडीची उंची एकच असल्याने रंगही एकच. आपल्या घरातल्या पांढऱ्या बल्बमध्ये प्रत्यक्षात निळे एलईडी असतात. त्यांच्यावर फॉस्फर नावाच्या पिवळ्या भुकटीचा लेप असतो. बंद बल्बचे दुधी टोपण काढून पाहिले, तर आतल्या चकतीवर जे पिवळे ठिपके दिसतात, ते हेच. निळ्या प्रकाशाचा काही भाग हा लेप शोषून घेतो आणि पिवळा प्रकाश परत देतो. उरलेला निळा त्यातून आरपार येतो. निळा आणि पिवळा एकत्र आले की डोळ्यांना पांढरा दिसतो.

या लेपाचे प्रमाण आणि घटक बदलले की पांढऱ्याची छटा बदलते. खोक्यावर ‘२,७०० के’ किंवा ‘६,५०० के’ असे लिहिलेले असते, ती ही छटा. आकडा लहान तर प्रकाश जुन्या बल्बसारखा पिवळसर, मोठा तर ट्यूबलाइटसारखा निळसर. २०१५ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवरचे सोडियमचे सोनेरी दिवे काढून पांढरे एलईडी लावले गेले, तेव्हा ‘राणीचा रत्नहार’ निस्तेज झाला म्हणून मोठा वाद उसळला होता. त्या वादात एक गोष्ट झाकोळली गेली. पांढरेपणा हा एलईडीचा स्वभाव नाही, ती निवड आहे. हाच दिवा सोनेरी छटेतही बनवता येतो.

छटेइतकाच महत्त्वाचा दुसरा गुण म्हणजे रंग खरे दाखवण्याची क्षमता. स्वस्त एलईडीच्या प्रकाशात लाल रंगाचा अंश कमी असतो. त्यामुळे टोमॅटो मलूल, चेहरा फिकट आणि डाळिंबी साडी तपकिरी वाटते. दुकानातली साडी दाराशी नेऊन उन्हात निरखण्याची आपल्या आजीची सवय शास्त्राला धरूनच होती. हा गुण ‘सीआरआय’ या आकड्याने सांगतात. सूर्यप्रकाशाला १०० धरले, तर घरातल्या दिव्याचा आकडा किमान ८० असावा. स्वयंपाकघरात आणि आरशापाशी ९० च्या आसपास असला तर उत्तम.

थंड प्रकाशाचा गरम शत्रू

एलईडी उष्णतेतून प्रकाश देत नाही, याचा अर्थ तो गरम होत नाही, असा नव्हे. प्रत्येक इलेक्ट्रॉनची उडी प्रकाशात बदलत नाही आणि निर्माण झालेला सगळा प्रकाश बाहेर येत नाही. घरगुती बल्बला मिळणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून अधिक ऊर्जा शेवटी उष्णतेतच जाते. जुना बल्ब आपली उष्णता किरणांनी बाहेर फेकून मोकळा होत असे आणि त्याच्या तारेला तापण्याचीच सवय होती. एलईडीच्या प्रकाशात उष्णतेचे किरण जवळपास नसतात. त्याची उष्णता मागच्या बाजूने, धातूमधून वाहत जावी लागते. म्हणून बल्बच्या पोटात ॲल्युमिनियमची चकती आणि भोवती ॲल्युमिनियमचे कवच असते. हे ॲल्युमिनियम जाड असेल आणि भोवती हवा खेळती असेल, तर स्फटिक सुखात राहतो. नसेल, तर त्याचा प्रकाश मंदावतो आणि फॉस्फरचा लेपही खराब होतो.

पण स्फटिकाहून अधिक हाल होतात ते त्याच्या शेजाऱ्याचे. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तने घेणारी प्रत्यावर्ती वीज असते. निळ्या एलईडीला मात्र सुमारे ३ व्होल्ट आणि एकाच दिशेने वाहणारा, ठरावीक मापाचा प्रवाह लागतो. हे रूपांतर करणारे छोटे मंडल बल्बच्या बुडाशी दडलेले असते. त्याला ड्रायव्हर म्हणतात. चांगल्या ड्रायव्हरमध्ये विजेचे चढउतार सपाट करण्यासाठी कपॅसिटर असतो आणि त्याच्या आत द्रवरूप रसायन असते. उष्णतेने ते हळूहळू सुकत जाते. अशा कपॅसिटरचे तापमान दर १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. त्यात वीज गेल्या-आल्याचे झटके सोसण्याची तजवीज स्वस्त ड्रायव्हरमध्ये नसते. स्वस्तातल्या काही बल्बमध्ये तर ड्रायव्हरचे भाग एलईडीच्याच तापलेल्या चकतीवर बसवलेले असतात.

दुसरे कारण जोडणीचे. बल्बमधले एलईडी बहुधा एकसर जोडणीत असतात. दिवाळीच्या जुन्या माळेत एक दिवा गेला की अख्खी माळ अंधारात जाई, तसेच येथेही होते. डझनभर एलईडींपैकी एकाचा सांधा तुटला की सगळा बल्ब बंद. चकतीवर एक काळा टिपका दिसला, तर तो हाच गुन्हेगार. दुरुस्ती करणारे कारागीर तेवढा एक बाजूला सारून बल्ब पुन्हा चालू करतात, पण मग उरलेल्यांवर ताण वाढतो.

आकड्याचा खरा अर्थ

आता २५,००० तासांकडे परत येऊ. एलईडी सहसा तारेसारखा एकदम तुटत नाही, तो म्हातारा होतो. प्रकाश थोडाथोडा कमी होत जातो. म्हणून मूळ प्रकाशाच्या ७० टक्के उरेपर्यंतचा काळ, हे त्याचे आयुष्य मानण्याची पद्धत पडली. हा काळही कोणी घड्याळ लावून पूर्ण मोजलेला नसतो. एलईडी सामान्यतः किमान ६,००० तास ठरावीक तापमानांना पेटते ठेवतात, प्रकाश किती घटला ते मोजतात आणि त्यावरून पुढचा अंदाज गणिताने काढतात. ही पद्धत चुकीची नाही. मात्र तिच्यात ड्रायव्हरचा मृत्यू मोजला जात नाही आणि तुमच्या घरातल्या बंदिस्त काचेच्या हंडीतले तापमानही धरलेले नसते.

याचा अर्थ एलईडी फसवा आहे, असा मुळीच नाही. ६० वॅटचा जुना बल्ब जेवढा उजेड देई, तेवढा ९ वॅटचा एलईडी आरामात देतो. रोज पाच तासांच्या वापरात वर्षाकाठी एका दिव्यामागे सुमारे ९३ युनिट वीज वाचते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘उजाला’ योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वितरित झाले. घाऊक खरेदीमुळे सरकारी कंपनीला २०१४ मध्ये ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. दिवा स्वस्त झाला, हे मोठेच काम झाले. मात्र बाजारात स्वस्ताईची शर्यत लागली की काटछाट होते ती न दिसणाऱ्या भागांत, म्हणजे ॲल्युमिनियमच्या जाडीत आणि ड्रायव्हरमध्ये.

तेव्हा दिवा घेताना वॅट नव्हे, ल्युमेन पाहावेत. वॅट म्हणजे खर्च, ल्युमेन म्हणजे उजेड. एका वॅटमागे १०० च्या आसपास वा अधिक ल्युमेन मिळत असतील, तर दिवा चांगल्या प्रतीचा. भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि नोंदणी क्रमांक आहे का, हे तपासावे. तासांच्या आकड्यापेक्षा लेखी हमी किती वर्षांची आहे, याला अधिक वजन द्यावे आणि पावती जपून ठेवावी. बंद हंडीत किंवा खोट्या छताच्या खोबणीत कमी वॅटचा, तशा जागेसाठीच बनवलेला दिवा लावावा. झोपण्याच्या खोलीत २,७०० ते ३,००० के छटेचा दिवा बरा, कारण डोळ्यांतल्या काही पेशी निळसर प्रकाशाला दिवस समजतात आणि झोपेचे संप्रेरक रोखून धरतात. दिव्याखाली पेन्सिल झरझर हलवून पाहावी; सलग फिकट पट्ट्याऐवजी तुटक तुटक पेन्सिली दिसल्या, तर ड्रायव्हर निकृष्ट आहे आणि दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो आहे, असे समजावे. अशा दिव्याखाली मुलांना वाचायला बसवू नये.

आणि दिवा गेलाच, तर तो ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यावा. त्यात सीएफएलसारखा पारा नसतो, पण एक इलेक्ट्रॉनिक मंडल आणि बऱ्यापैकी ॲल्युमिनियम असते. त्यातले निळे स्फटिक तर बहुतेक वेळा शाबूतच असतात. तीस वर्षांच्या संशोधनातून साधलेली ती वस्तू काही रुपये वाचवलेल्या ड्रायव्हरपायी कचऱ्यात जाते, हे या दिव्याचे आजचे दुखणे आहे. ते प्रयोगशाळेत नव्हे, दुकानाच्या काउंटरवर दूर होण्यासारखे आहे.